काचघरातली फेरी

रोज सकाळी कामाला निघताना ती दाराला बाहेरून कुलूप लावायची, आणि कुलपाचा आवाज झाला की आतून अण्णा दार ठोठावायला लागायचे.

"कोण आहे? दार उघडा. मीटर बघायचंय."

अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांची सगळी नोकरी वीज कंपनीत मीटर वाचण्यात गेली होती. दारोदार फिरायचं, जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि पुढचं दार गाठायचं. निवृत्तीनंतर ते बरीच वर्षं ठणठणीत होते. मग आई गेली, आणि हळूहळू एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यातून निसटायला लागली. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग लेकीचा चेहराही कधी ओळखीचा तर कधी परका वाटायला लागला. फेरी तेवढी शिल्लक राहिली. जरा डोळा चुकला की ते बाहेर पडायचे आणि दिसेल त्या घराची बेल वाजवायचे. सुरुवातीला लोक हसून आत घ्यायचे, चहा पाजायचे आणि घरी आणून सोडायचे. एकदा मात्र ते भर रहदारीत, सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या काचांवर टकटक करत फिरताना सापडले. त्या संध्याकाळी तिनं कुलूप विकत आणलं.

कुलूप लावल्यावर ती झपझप चालायला लागायची. कोपरा वळेपर्यंत ते ठोठावणं ऐकू यायचं. बसमध्ये बसल्यावरही तिच्या कानांत ते चालूच असायचं.

तिला सगळे पाखरूताई म्हणायचे. शहराच्या टोकाला एका मोठ्या हॉटेलच्या बागेत फुलपाखरांचं काचघर होतं, आणि ते ती सांभाळायची. दूरदूरच्या देशांतून कापसात गुंडाळलेले कोष खोक्यांतून यायचे. ती एकेक कोष दोऱ्यानं बारीक काठीला टांगायची, काचेच्या कपाटात ठेवायची आणि रोज त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारायची. कोष फुटायचा दिवस आला की आतून ओल्या, पिळलेल्या फडक्यासारखं काहीतरी बाहेर यायचं, उलटं लटकायचं, आणि बघता बघता त्याचे पंख व्हायचे. इतक्या वर्षांनंतरही असा कोष फुटताना तिच्या हातातलं काम थांबायचं.

काचघराला दोन दारं होती, एकामागे एक. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नियम होता. मधल्या चिंचोळ्या जागेत मोठा आरसा होता, कारण बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांच्या पाठीवर एखादं पाखरू बसलेलं असायचं. ती त्यांना आरशासमोर उभं करून गोल फिरायला लावायची. मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी फिरायची.

घरी दुपारी शेजारच्या काकू अण्णांना जेवायला वाढायच्या. किल्ली त्यांच्याकडे असायची. एके दिवशी ती परतली तर काकू दारातच उभ्या. अण्णांनी आमटीच्या डावानं खिडकीची काच फोडली होती आणि हात कापून घेतला होता. काकूंनी पट्टी बांधली होती.

"पोरी, राग मानू नकोस," काकू म्हणाल्या. "पण ते दिवसभर दार वाजवतात, आणि मी भिंतीपलीकडे बसून ऐकते. माझ्याच्यानं नाही आता ऐकवत. उद्यापासून किल्ली माझ्याकडे नको."

तिनं समुद्रापलीकडे असलेल्या धाकट्या भावाला फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आत्ता यायचं म्हणजे कठीण आहे गं, ताई," तो म्हणाला. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." हे तो दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी तिला वाटायचं, आपल्या पाठीवर कुणीतरी प्रेमानं आणखी एक पोतं चढवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं अण्णांना अंघोळ घातली, त्यांना जुना कोट चढवला आणि सोबत कामावर नेलं. दुसरा इलाज नव्हता.

पहिलं दार उघडलं, लागलं. आरशात अण्णांनी स्वतःकडे बघून मान डोलावली, रस्त्यात ओळखीचं कुणी भेटल्यावर डोलावतात तशी. मग दुसरं दार उघडलं आणि दमट, गरम हवा अंगावर आली. पिकून काळ्या पडलेल्या फळांचा गोड वास आला. वरून तळहाताएवढी निळी फुलपाखरं तरंगत गेली. अण्णा थांबले. तिला वाटलं, आता घाबरतील. पण त्यांनी हात मागे बांधले आणि फरशीच्या वळणावळणाच्या वाटेनं चालायला लागले. वाट झाडांतून फिरून पुन्हा दारापाशीच यायची. दाराशेजारी भिंतीवर हवेतला ओलावा दाखवणारी तबकडी होती. अण्णा तिच्यासमोर उभे राहिले, डोळे बारीक केले आणि मोठ्यानं आकडा वाचला. मग पुन्हा चालायला लागले.

दिवसभर त्यांनी एकदाही दार ठोठावलं नाही. फेरी मारायची, आकडा वाचायचा, पुन्हा फेरी. दमले की बाकावर बसायचे. त्यांच्या कोटाच्या बाहीवर पिवळी पाखरं येऊन बसायची आणि ते हात तसाच धरून ठेवायचे, अवघडला तरी. संध्याकाळी बसमध्ये ते तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. घरी पोहोचेपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. आपण रडतोय हे समोरच्या माणसाला दिसू नये, एवढंच तिला हवं होतं.

काचघर हॉटेलच्या साहेबांच्या अखत्यारीत होतं. साहेब वयानं तिच्यापेक्षा लहान, बोलायला गोड, कपडे कडक इस्त्रीचे. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं चकचकीत लागायचं. पानं कुरतडलेली दिसली की तो कुंडी उचलायला लावायचा.

"साहेब, सुरवंट पानं खाणारच," ती म्हणायची. "सुरवंट नाही तर फुलपाखरू कुठून येणार?"

"खोक्यातून येतं की," साहेब म्हणायचे. "पाहुण्यांना अळ्या बघायच्या नसतात."

त्यामुळे काचघरात अंडी घातली जायची आणि पुसली जायची. आतलं प्रत्येक पाखरू खोक्यातून यायचं आणि काचेतच संपायचं.

अण्णांचं येणं साहेबांपासून किती दिवस लपणार? तिनंच जाऊन सांगितलं. साहेबांनी काचेतून आत बघितलं. अण्णा दोन पाहुण्या बायकांना तबकडीचा आकडा वाचून दाखवत होते आणि त्या हसून ऐकत होत्या.

"राहू देत," साहेब म्हणाले. "फक्त कुणाला त्रास नको. आणि ताई, मी तुमचं एवढं ऐकतोय, तुम्हीही माझं ऐकत जा."

तेव्हा ती नुसती हो म्हणाली.

अण्णा तिथे रुळले. एकदा कपाटात मोठा तपकिरी पतंग कोषातून बाहेर आला, पसरलेल्या पंजापेक्षाही रुंद. एका पाहुण्यानं विचारलं, हा खातो काय? तिनं सांगितलं, "काही नाही. याला खायला तोंडच नसतं. सुरवंट असताना पोटात जे साठवलं, त्यावर थोडे दिवस काढतो. जोडीदार शोधतो, अंडी होतात, आणि संपतो."

अण्णा शेजारी उभे होते. ते पाहुण्याला समजावणीच्या सुरात म्हणाले, "म्हणजे कनेक्शन कापलंय. आत शिल्लक आहे तोवर चालणार."

पाहुणा हसला. तीही हसली, आणि मग बराच वेळ त्या पतंगाकडे बघत राहिली.

पण तिचा खरा जीव काचघराच्या मागच्या आवारात होता. तिथे काचघराला ऊब देणारा गरम पाण्याचा बंब होता, फुटक्या कुंड्या होत्या आणि ज्यात काचघरातलं सांडपाणी जाऊन साठायचं असा एक उथळ खड्डा होता. खड्ड्याभोवती तण माजलं होतं. आंबुशी, काटेरी झुडपं, हात लावला की खाज आणणारं एक रोप. तिथली पाखरं कुणी मागवलेली नव्हती. आंबुशीवर नखाएवढी फिकट निळी फुलपाखरं अंडी घालायची. उन्हाच्या दिवसांत एक लाल चतुर एकाच वाळक्या काडीच्या टोकावर बसायचा, झेप घेऊन डास पकडायचा आणि पुन्हा त्याच टोकावर येऊन बसायचा, जणू काडी त्याच्या नावावर होती. चतुरासारख्याच पण सुईएवढ्या बारीक टाचण्या जोडीजोडीनं पाण्यावर टेकायच्या. तिथल्या सुरवंटांना कुणी पुसत नव्हतं.

साहेबांना तिथे फरशी टाकून गाड्या लावायची जागा करायची होती. हॉटेलचे माळीकाका उन्हाळाभर त्यांना सांगत होते, "उद्या खड्डा बुजवतो, साहेब." तिच्याकडे वळून ते हळूच म्हणायचे, "माझा एक उद्या किती टिकतो बघ."

थंडी सुरू झाली. काचघराच्या भिंतींवर आतून पाणी धरायला लागलं, आणि त्या धुक्यातून बाहेरची हिरवळ अस्पष्ट दिसायची. अशाच एका सकाळी साहेब आत आले.

"ताई, रविवारी हिरवळीवर लग्न आहे. मोठी मंडळी आहेत. नवरा-नवरी खोकं उघडणार आणि फुलपाखरं आभाळात उडणार. मी हो म्हटलंय. तुम्ही पाखरं भरून द्या."

तिला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "साहेब, या थंडीत ती उडायचीच नाहीत. अंग गरम असल्याशिवाय त्यांना पंख हलवता येत नाहीत."

"एक मिनिट उडाली तरी पुरे. फोटो होतील."

"आणि मग?"

"मग लोक जेवायला जातील."

"पाखरांचं विचारतेय मी. ती इथली नाहीत, साहेब. त्यांच्या सुरवंटांना लागणारं झाड इथे कुठेच नाही. बाहेर गेली तर संध्याकाळपर्यंत मरतील. आणि यदाकदाचित जगलीच, तर आतला रोग बाहेरच्या पाखरांना देतील. सोडायची म्हणून कुणी त्यांना वाढवत नाही."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज जराही न चढवता म्हणाले, "तुम्ही अण्णांना रोज घेऊन येता. मी कुणाला काही बोललो का? उद्या वरून विचारणा झाली तर उत्तर मला द्यावं लागेल. थोडं तुम्ही सांभाळा, थोडं मी सांभाळतो."

पानांच्या पलीकडून अण्णांचा आवाज आला. ते आकडा वाचत होते. ती तिकडे बघत राहिली. घरच्या दाराचं कुलूप तिला आठवलं, आणि आतून येणारी ती टकटक.

"किती लागतील?" तिनं विचारलं.

रविवारी सकाळी ऊन यायच्या आत तिनं पाखरं धरली. रात्रभर पानांखाली निजलेली असतात, तेव्हा ती सहज हाताला लागतात. एकेक पाखरू घ्यायचं, पंख मिटायचे, तिकोनी कागदात सरकवायचं, कड दुमडायची. हे तिला उत्तम यायचं. एका काचघरातून दुसऱ्या काचघरात पाखरं सुखरूप न्यायची म्हणून ती हे शिकली होती. कागदांतून बारीक सळसळ येत होती.

अण्णा तिच्या मागे येऊन उभे राहिले. "यांना बंद का करताय?"

"लग्नाला जायचंय त्यांना."

अण्णांनी विचार केला. "मग जाऊ दे की आपल्या पायांनी," ते म्हणाले.

तिनं कागद हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवले, पाखरं गारठून शांत राहावीत म्हणून. आचाऱ्यानं लोणी आणि साय बाजूला सारून जागा करून दिली आणि काही न विचारता तो आपल्या कामाला लागला.

दुपारी लग्न लागलं. आभाळ भरलेलं होतं आणि वारा सुटला होता. तिनं पाखरं कागदांतून काढून फीत बांधलेल्या पांढऱ्या खोक्यात ठेवली. अण्णांकडे बघायला माळीकाका थांबणार होते, पण त्यांना खुर्च्या मांडायला बोलावून घेतलं. तेव्हा तिनं अण्णांना बरोबर आणलं आणि हिरवळीच्या कडेला एका खुर्चीवर बसवलं.

नवरा-नवरीनं फीत सोडली, झाकण उचललं. काहीच झालं नाही. सगळे वर बघत होते आणि वर नुसतं आभाळ होतं. मग एक निळं पाखरू कसंबसं छातीच्या उंचीपर्यंत उडालं आणि नवरदेवाच्या खांद्यावर बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"खोकं जरा हलवा," फोटोवाला म्हणाला.

नवरदेवानं खोकं हलवलं, मग तिरकं केलं, आणि पाखरं वाळक्या पानांसारखी खाली पडली. गवतावर, मेजावरच्या पांढऱ्या कापडावर, एक तर सरबताच्या पेल्यात. काही पंख उघडमीट करत होती. काही पडली तशीच राहिली. मागच्या लोकांना कळलं नव्हतं, ते पुढे सरकत होते, आणि त्यांच्या बुटांखाली काय येतंय ते तिला दिसत होतं. नवरी एक पाऊल मागे गेली आणि थबकली. तिच्या झग्याचा घेर पाखरांवरून ओढला गेला होता.

पाखरूताई जागची हलली नाही. तिला हलताच येईना. समोर साहेब उभे होते आणि चेहऱ्यावर हसू ठेवून तिच्याकडेच बघत होते.

तेवढ्यात अण्णा खुर्चीवरून उठले. ते सावकाश वाकले, एक पाखरू उचललं आणि कोटाच्या आत, सदऱ्यावर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. माणसं बाजूला झाली. अण्णांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. कोटाच्या आत जागा उरली नाही तेव्हा ते काचघराकडे चालत गेले. त्या बाजूला दार नव्हतं, सरळ काचेची भिंत होती. धुकटलेल्या काचेपलीकडे हिरवी झाडं दिसत होती. अण्णांनी दोन्ही हातांनी कोट छातीशी धरला आणि कोपरानं काच ठोठावली.

"उघडा," ते म्हणाले. "मीटर बघायचंय. उघडा."

वाजंत्री मध्येच थांबली होती, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. साहेब तिच्याजवळ आले आणि ओठ न हलवता म्हणाले, "ताई, त्यांना घेऊन जा इथून."

ती निघाली, पण अण्णांकडे गेली नाही. तिनं अंगातला स्वेटर काढला, गवतावर पसरला आणि गुडघे टेकून पाखरं गोळा करायला लागली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं आणि कळत नव्हतंही. आपला हात चालतोय एवढंच तिला दिसत होतं. थोड्या वेळानं शेजारी आणखी दोन हात आले. नवरी झग्यासकट गवतात बसली होती.

"कसं धरू?" नवरीनं विचारलं.

"पंख मिटलेले असतात ना, तसेच चारही एकत्र धरा. दाबू नका."

"मेली आहेत का ही?"

"काही मेली आहेत. काही गारठली आहेत. आत नेलं तर उठतील."

नवरीनं मान वर करून साहेबांकडे बघितलं. तिचं काजळ ओघळलं होतं. साहेबांनी नजर वळवली.

ते सगळे काचघराला वळसा घालून दाराकडे गेले. पुढे अण्णा, मग स्वेटर घेतलेली पाखरूताई, मागे नवरी आणि तिच्या दोन मैत्रिणी. मधल्या जागेत सगळ्यांची दाटी झाली आणि नवरीचा झगा पहिल्या दारात अडकला. तो ओढून सोडवेपर्यंत दुसरं दार उघडता येईना. अण्णा शांतपणे म्हणाले, "घाई नको. मागचं दार लागू द्या." एवढे दिवस ऐकून त्यांना नियम पाठ झाला होता.

आत त्यांनी पाखरं फळांच्या ताटल्यांवर ठेवली, बंबाच्या गरम नळाजवळच्या पानांवर ठेवली. सगळे वाट बघत उभे राहिले. एका पाखराचे पंख थरथरायला लागले, थंडीनं माणूस कुडकुडतो तसे. मग दुसऱ्याचे. अंग गरम झाल्यावर एक निळं उडालं. पण पुष्कळशी उठलीच नाहीत. संध्याकाळी तिनं आणि माळीकाकांनी हिरवळीवरची उरलेली गोळा केली. माळीकाका खराटा घेऊन आले होते, पण तो त्यांनी बाजूला ठेवला आणि हातानंच वेचली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं.

"नवरीच्या घरच्यांनी तक्रार केली आहे," ते म्हणाले. "यापुढे पाखरं सोडायचा प्रकार बंद. कुणीही मागितलं तरी नाही म्हणायचं."

तिचा श्वास मोकळा झाला, पण तेवढ्यापुरताच.

"आणि अण्णा उद्यापासून आत नकोत. काल जे झालं त्यानंतर मला ते झेपणार नाही. तुम्हीच सांगा, वरून विचारलं तर मी काय उत्तर देऊ?"

ती उभीच होती. मेजाचा कोपरा तिनं घट्ट धरला होता. "मग मीही येणार नाही, साहेब," ती म्हणाली.

दुसरीकडे कुठे काम मिळणार होतं? कोष टांगायचं काम देणारी अशी कितीशी ठिकाणं असतात?

"परवा कोषांची खोकी येतायत," साहेब म्हणाले.

"मला माहीत आहे."

बाहेर कुणीतरी सामानाची ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"मागचं आवार द्या," शेवटी ती म्हणाली. "तिथे जाळी आहे, फाटक आहे. अण्णा तिथे बसतील. मला आतून दिसतील. पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाहीत. आणि तो खड्डा बुजवायचा नाही, तण काढायचं नाही."

"गाड्या कुठे लावू?"

"ते तुम्ही बघा."

साहेबांनी कपाळ चोळलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण मग तुम्ही सोडून जायचं नाही. मध्येच उद्या म्हणाल, चालले. तसं चालणार नाही. शब्द द्या."

तिनं शब्द दिला. खोलीबाहेर आल्यावर आपण काय मिळवलं आणि काय देऊन बसलो याचा तिला हिशेब लागेना. तिनं भावाला फोन केला, निदान महिनाभर तरी येशील का म्हणून. "ताई, आत्ता तर शक्यच नाही गं," तो म्हणाला. "पण तू आहेस म्हणून..." त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिनं हळूच फोन ठेवला.

माळीकाकांनी जाळीला आतून उंच कुंड्या लावल्या, खुर्ची आणून ठेवली, थंडीसाठी बंबाशेजारी पत्र्याचा आडोसा केला. ती अण्णांना सकाळी आवारात सोडायची, फाटकाला कडी घालायची आणि आत जायची. पहिले काही दिवस अण्णा जाळीशी उभे राहायचे. मग खड्ड्याभोवती चालायला लागले, आणि त्यांच्या पायांनी तणातून एक बारीक वाट पडली. ती आतून काचेवरचं धुकं पुसून, वाटोळ्या जागेतून त्यांच्याकडे बघायची. ते ठीक दिसले की पुढच्या कामाला लागायची. दिवसभर तिचं असंच चालायचं.

एकदा दुपारी माळीकाका डबा खायला तिच्याजवळ बसले. "आज तुझे अण्णा काय म्हणाले माहीत आहे?" ते हसत म्हणाले. "मला बोलावलं आणि काचेकडे बोट दाखवलं. म्हणाले, ती बाई आत कोण आहे? म्हटलं, तुमची लेक. तर म्हणाले, कुणी कोंडलंय तिला? म्हटलं, कामाला आहे ती. पण ऐकेनात. म्हणाले, रोज काच पुसून बाहेर बघते बिचारी. तिच्या घरच्यांना कळवा."

सांगता सांगता माळीकाकांचं हसू ओसरलं. तिनं हातातला घास डब्यात परत ठेवला. तिनं विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, कळवतो."

थंडी सरली. आंबुशी पुन्हा हिरवी झाली आणि तिच्यावर नखाएवढी निळी पाखरं दिसायला लागली. अण्णांना त्यांच्यावर पाय पडलेला आवडत नसे. ते आता वाट सोडून चालत नसत.

एका उबदार सकाळी ती आतून बघते तर अण्णा फेरी सोडून खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसलेले. बराच वेळ झाला तरी उठेनात. दोन्ही दारं ओलांडून, काचघराला वळसा घालून ती धावत आवारात गेली.

अण्णा एका काडीकडे बघत होते. काडीवर पाण्यातून वर आलेली चतुराची अळी चिकटली होती, मातकट, कुरूप. तिची पाठ उकलली होती आणि आतून फिकट, ओलसर चतुर अर्धा बाहेर आला होता. ती अण्णांशेजारी बसली. चतुर बाहेर आला, आपल्याच रिकाम्या कातीला धरून राहिला. त्याचे चुरगळलेले पंख हळूहळू लांब झाले, आधी दुधाळ, मग काचेसारखे आरपार. ऊन वर आलं. अण्णांचे ओठ किंचित हलत होते, पण ते बोलत नव्हते.

मग चतुर थरथरला आणि सुटला. डळमळत बंबावरून गेला, जाळीवरून गेला आणि उन्हात दिसेनासा झाला.

अण्णा तो गेला त्या दिशेला बघत राहिले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं अदबीनं.

"तुम्हालाही जायचं असेल," ते म्हणाले.

"हो, अण्णा. आत काम आहे."

"मग या जाऊन. मी आहे इथे."

तिनं त्यांना हात धरून उठवलं, खुर्चीवर बसवलं, कोटाला लागलेला चिखल झटकला. पलीकडे पाहुण्यांचा एक घोळका दाराशी येऊन थांबला होता. ती फाटकाबाहेर आली, कडी घातली आणि आत गेली.